सावलीतला निळा

बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून, फोटो छापायचं एक दुकान होतं. मालक पुढे काउंटरवर बसायचा. मागच्या खोलीची खिडकी काळा कागद लावून कायमची बंद केलेली होती, आणि तिथे बसायची लॅबताई. तिचं खरं नाव मालकाला हजेरीच्या वहीपुरतं ठाऊक होतं. बाकी साऱ्या गावाला ती लॅबताई. एकोणीस वर्षं ती त्याच कोपऱ्यात बसत आली होती. तेवढ्या काळात मशीन दोनदा बदललं, खुर्ची एकदाच.

काम ऐकायला सोपं होतं. गिऱ्हाइकाचा फोटो पडद्यावर यायचा, त्याच्याखाली रंगांचे आकडे असायचे, आणि ताई ते एकेक घर वर-खाली करायची. कुणाचा चेहरा हिरवट आलेला असायचा, कुणाची भिंत उगाच गुलाबी. दोन घरं इकडे, एक घर तिकडे, की माणूस माणसासारखा दिसू लागायचा. काम चांगलं झालं तर ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बिघडलं, की मात्र गिऱ्हाईक फोटो नाचवत मालकाच्या डोक्यावर बसायचं.

ताई थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायची. अक्का एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची, कापडाला जुळणारा दोरा शोधून द्यायची. दोघींनी लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं हे विचारणारी माणसं आता थकून गप्प बसली होती. संध्याकाळी चहा घेताना दोघींचं भांडण व्हायचं ते रंगावरून. समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेली चादर अक्काला मोरपंखी वाटायची, ताईला नाही. "तुझं काय गं," अक्का म्हणायची, "बटण दाबलं की रंग बदलला. मला रीळ शोधावं लागतं."

त्या गावाला बाहेरची माणसं यायची ती घळीसाठी. गावापासून बसने तासाभरावर लाल दगडाचा उघडा माळ होता आणि त्या माळाला जणू सुरीने चीर द्यावी तशी ती घळ. आत उतरून दोन हात पसरले की दोन्हीकडच्या भिंतींना बोटं टेकायची. पाण्याने हजारो वर्षं घासून त्या भिंती लाटांसारख्या वळवल्या होत्या. वर आभाळाची एक चिंधी. भर दुपारी वीसेक मिनिटं ऊन वरून आत उतरायचं आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत खालपर्यंत यायचं. तेवढ्या वेळात फोटो काढायचे, नाहीतर उद्या या.

ताई घळीत कधी गेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी पाय पसरून पडावं असं वाटायचं, आणि रोज पडद्यावर जी घळ दिसते ती बघायला तासभर बसचे धक्के कशाला खायचे, हाही प्रश्न होता. पण घळीतलं एकेक वळण, तिचा एकेक बाक तिला पाठ होता, कारण घळीचे फोटो काढणारे गावातले दोघंही तिच्याकडेच छापायला यायचे.

पहिले सर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलण्यात तोलूनमापून. कॅमेरा, तिवई आणि तिवईच्या एका पायाला बांधलेला पांढरा रुमाल, एवढंच त्यांचं सामान. फोटो काढताना ते तो सवयीने समोरच्या दगडावर टाकायचे, त्यामुळे तो फोटोच्या एका कोपऱ्यात यायचा आणि मग छापताना ताई तो कापून टाकायची. सर लेन्सवर रंगीत काच लावायचे नाहीत, दिवा वापरायचे नाहीत. ऊन जे देईल ते घ्यायचं. नाही दिलं तर घरी यायचं.

दुसरा रंगशेठ. हा सरांचा सख्खा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पाठीवर पिशवी, तीत बॅटरीचे चार दिवे आणि नारिंगी, किरमिजी, जांभळ्या कागदांची चळत. घळीत जाऊन तो दिव्यांना ते कागद गुंडाळायचा आणि दगडांच्या मागे लपवून ठेवायचा. लेन्सवर लावायला रंगीत काचाही होत्या. त्याच्या फोटोतली घळ आतून पेटल्यासारखी दिसायची. लोक ते फोटो त्याच्या दुकानातून हातोहात उचलायचे.

दोघं एकाच वेळी दुकानात आले की मालक मुद्दाम चहा मागवायचा.

"अरे, त्या दगडाला स्वतःचा रंग आहे," सर म्हणायचे. "तुझ्या पिशवीतला कशाला पाजतोस त्याला?"

"भाऊजी, तुमच्यासारखं तीन-तीन दिवस उन्हाची आराधना करायला मला वेळ नाही. आणि लोकांना काय हवंय? घरी जाऊन भिंतीवर लावलं की पाहुण्याने आ वासला पाहिजे."

"मग आगीचे बंब छाप."

"छापेन की. त्यालाही फिल्टर लावेन."

आत मशीनपाशी ताईला हसू यायचं. तिला स्वतःला सरांचे फोटो आवडायचे. त्यांतला एक, खूप जुना, तिने मशीनच्या बाजूला चिकटवून ठेवला होता. घळीच्या मधल्या बाकाचा, भाजलेल्या विटेपासून मधापर्यंत सगळ्या छटा असलेला. सरांचं कुठलंही काम आलं की ती त्या फोटोकडे एक नजर टाकून आकडे लावायची.

सर सत्तरीला टेकले त्या सुमारास त्यांचे फोटो बदलू लागले. सर घरी कॉम्प्युटरवर रंग नीट लावून आणायचे आणि ताईच्या हातात पेनड्राइव्ह द्यायचे. आधी नमुन्याला प्रत्येकाची एक प्रत काढायची, सरांनी ती काउंटरवर उभं राहून बघायची, मग गावातल्या हॉटेलासाठी आणि बस स्टँडवरच्या पुस्तकवाल्यासाठी मोठी ऑर्डर. यावेळी पडद्यावर आलेली घळ ताईला गारठलेली वाटली. तिला वाटलं, थंडीचं ऊन असेल. पण कोपऱ्यातला रुमालही निळा होता. रुमाल काही ऋतूप्रमाणे रंग बदलत नाही. तिने निळा चार घरं उतरवला आणि नमुने काढले.

सरांनी ते उजेडाकडे धरले. "पिवळे झालेत, ताई. मी घरी नीट करून आणलंय. तुम्ही हात लावू नका, आहेत तसे काढा."

"सर, तो रुमाल निळा दिसतोय म्हणून..."

"हो का? नीळ जास्त पडली असेल. सांगतो घरी."

ताईने आहेत तसे काढले. सर खूश होऊन गेले. मोठी ऑर्डर हॉटेलात गेली आणि चौथ्या दिवशी तशीच परत आली. हॉटेलच्या मॅनेजरने मालकाला फोनवर विचारलं, "घळीत बर्फ पडायला लागला का हो?"

मालक मागच्या खोलीत आला, दार लोटून घेतलं. "सरांचे डोळे गेलेत वाटतं. त्यांना सांगू नकोस. एवढा मानी माणूस, मनाला लावून घेईल. तू पुन्हा नीट काढ आणि हॉटेलात पाठवून दे."

"आणि नमुने?"

"नमुने त्यांना हवे तसे."

असं ते सुरू झालं. सरांच्या हातात पडणारी प्रत निळी, गावात जाणारी प्रत ताईच्या आकड्यांची. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं, मग ती कामाची रीतच होऊन बसली. वर्षं गेली तसा सरांचा निळा वाढत गेला. ताई चारची सहा घरं उतरवू लागली, मग नऊ. हॉटेलच्या जिन्यात टांगलेले आपले फोटो बघून सर म्हणायचे, "यांचे बल्ब फार पिवळे आहेत." मॅनेजर मान डोलवायचा.

ताईने हे फक्त अक्काला सांगितलं होतं.

अक्का दोरा दाताने तोडत म्हणाली, "म्हणजे तो म्हातारा मेहुण्याला फिल्टरवरून बोल लावतो आणि त्याच्या स्वतःच्या फोटोला तू फिल्टर लावतेस."

"फिल्टर नाही. मी फक्त होतं तसं करते."

"होतं तसं म्हणजे कसं? बघितलंयस तू?"

ताईने कपबशा उचलल्या आणि मोरीकडे गेली.

सहा वर्षं निघाली. मग एक दिवस रंगशेठ काउंटरवर टेकून मालकाला म्हणाला, "सोमवारी भाऊजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू. इतका पिकलाय की डॉक्टर म्हणाले, आजवर थांबलात कसे! ताईनेच, म्हणजे माझ्या बहिणीने, धरून नेलं. भाजीत मीठ समजून साखर घातली त्यांनी, तेव्हा कुठे कबूल झाले."

आत लॅबताईचा हात कागदाच्या गुंडाळीवर थांबला. त्या आठवड्यात तिने तीन गिऱ्हाइकांचे फोटो बिघडवले. इतक्या वर्षांत तसं झालं नव्हतं.

सर आले ते महिन्याभराने. काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. काउंटरवर न थांबता ते सरळ मागच्या खोलीत शिरले. आजवर ते तिथे कधी आले नव्हते. त्यांनी टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, एकाच बाकाचे, एकाच दुपारचे. एक त्यांच्या घरचा नमुना. दुसरा हॉटेलच्या जिन्यातून मागून आणलेला.

त्यांनी चष्मा काढला, तळहाताने एक डोळा झाकला. "हा जुना डोळा. याला सगळं पिवळट दिसतं, म्हणून याने बघितलं तर हा बरोबर आहे." त्यांनी निळ्या फोटोवर बोट ठेवलं. मग हात दुसऱ्या डोळ्यावर नेला. "हा नवा. याने तो निळाशार दिसतो. शाईत बुडवून काढल्यासारखा. घरी पेटीभर आहेत असे. मला वाटलं, सहा वर्षं मी गावाला हेच विकलं. तोंड लपवून बसलो होतो. मग म्हटलं, जाऊन बघावं तरी. हॉटेलात गेलो, बस स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे गेलो. सगळीकडे घळ व्यवस्थित."

ताई उभी राहिली होती. "सर, मालक म्हणाले..."

"मालकाला रंग कळत नाही. हे तुम्ही केलंत."

"हो."

"रंग कशावरून ठरवलात?"

तिने मशीनच्या बाजूचा फोटो दाखवला. सर वाकून, नव्या डोळ्याने, बराच वेळ तो बघत राहिले.

"हा मी काढलेला आहे," ते म्हणाले. मग हॉटेलच्या फोटोवर बोट आपटलं. "हा मात्र तुम्ही काढलाय. खाली नाव माझं आहे, एवढंच. मेहुणा निदान सगळ्यांदेखत रंग लावतो."

"लोकांनी नावं ठेवली असती, सर."

"मग मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे सहा वर्षं आधी गेलो असतो."

ते आवाज न चढवता बोलले आणि निघून गेले. ताईने तोवर त्या बाजूने विचारच केला नव्हता. शेजारी चष्म्याचं दुकान होतं. सरांना तिथवर न्यायला वीस पावलं पुरली असती.

सर यायचे बंद झाले. मालक म्हणाला, राग शांत झाला की येतील. दोन महिने उलटले तरी आले नाहीत. रंगशेठ मात्र नेमाने यायचा. त्याला सगळा प्रकार बहिणीकडून कळला होता आणि पहिल्या दिवशी तो पोट धरून हसला होता. पण नंतर तोही जरा गंभीर झाला.

"रोज घळीत जातात," त्याने सांगितलं. "कॅमेरा घरीच. जाऊन बसतात आणि एकेक डोळा झाकून भिंती बघतात. दुसऱ्या डोळ्याची तारीख होती, ती पुढे ढकलली. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

त्या रविवारी ताईने अक्काला उठवलं. "चल, घळीत जायचंय."

"आज? मी केस धुणार होते."

"आल्यावर धू."

दोघी बसने गेल्या. माळावरून चालताना अक्का कुरकुरत होती, चप्पल टोचत होती, पाणी एकच बाटली घेतलं म्हणून ताईला बोलणी बसत होती. लोखंडी शिडीने खाली उतरल्यावर तिचं तोंड आपोआप बंद झालं. आत गार होतं. आवाज केला तर तो दोन वळणं पुढे जाऊन परत यायचा.

ताईने बाक ओळखले. पहिला, दुसरा, मग तो मधला, मशीनला चिकटवलेला. पण तो फोटोपेक्षा लहान होता, आणि त्याचा रंग एक नव्हता. वर, जिथे ऊन थेट पडलं होतं, तिथे दगड जवळजवळ पांढरा. त्याच्याखाली नारिंगी, इतका गडद की रंगशेठच्या कागदावर आपण उगाच हसलो असं तिला वाटलं. आणि अगदी तळाशी, जिथे ऊन पोचत नव्हतं, वरून आभाळाचा नुसता उजेड झिरपत होता, तिथे दगड जांभळा होता. काही ठिकाणी सरळ निळा.

तिने डोळे चोळले. निळा गेला नाही.

पुढच्या वळणावर दगडावर बसलेले सर दिसले. त्यांनी दोघींना बघितलं, थोडं सरकून जागा केली. ताईने अक्काची ओळख करून दिली. अक्काने नमस्कार केला आणि पिशवीतून रुमाल काढून मान पुसत बाजूच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"सर," ताई म्हणाली, "खाली निळा आहे."

"आहे ना. नेहमीच होता."

"मग माझ्याकडच्या जुन्या फोटोत नाही तो."

"त्या वेळच्या कागदावर सावली काळी पडायची. निळा उतरायचाच नाही. मला वाटायचं, उतरेल कधीतरी."

ताईने मनात मोजलं. नऊ घरं. प्रत्येक वेळी सबंध फोटोवरून एकसारखी नऊ घरं. तुमच्या डोळ्याचा निळा काढताना मी दगडाचाही काढून टाकत होते, असं ती शेवटी म्हणाली, पण इतक्या हळू की सरांना ते पुन्हा विचारावं लागलं. तिने पुन्हा सांगितलं.

सरांनी मान हलवली. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. "मी मोजत बसलोय, या निळ्यातला माझा किती आणि दगडाचा किती. म्हणून हा जुना डोळा ठेवलाय थोडे दिवस. बायको रागावते. सारखं असं करून चक्कर येते."

"आपण दोघं मिळून मोजू," ताई म्हणाली. "फाइल आणा. सबंध फोटोवरून नाही, जागा बघून काढू. कुठे काढायचा, कुठे ठेवायचा, तुम्ही सांगा. मी माझ्या मनाने एक घरसुद्धा हलवणार नाही."

तेवढ्यात ऊन सरकलं, मधल्या बाकावरून उतरलं, आणि पलीकडची भिंत तळापासून उजळत वर गेली. तिघंही बघत राहिले. अक्का भिंतीला हात लावून म्हणाली, "या रंगाचं रीळ मिळायचं नाही कुठे." सर मोठ्याने हसले. त्यांना एवढं हसताना ताईने पहिल्यांदाच पाहिलं.

त्या आठवड्यात सर पेनड्राइव्ह घेऊन आले आणि मालकाने मागच्या खोलीत दुसरी खुर्ची टाकून दिली. सहा वर्षांचं काम होतं. दुपारच्या मोकळ्या वेळात थोडं थोडं करत पाच महिने लागले. दोघांची भांडणं व्हायची. सर म्हणायचे, इथला निळा खरा आहे. ताई म्हणायची, रुमाल बघा, रुमाल अजून निळाच आहे. मग रुमाल पांढरा होईपर्यंत उतरवायचं आणि तरीही सावलीत जो उरेल तो ठेवायचा, असं ठरलं. कधी कधी अडलं की सर जुना डोळा झाकायचे, आणि ताई सवयीने विचारायची, "आता?" काम संपल्यावर सरांनी दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ती नीट पार पडली.

निळ्या नमुन्यांची पेटी सर टाकून देणार होते. ती रंगशेठच्या हाती लागली. त्याने एकेक फोटो लांब धरून पाहिला. "भाऊजी, हा फिल्टर कुठला? मला कधी सांगितलंत नाही!" कुठला फिल्टर हे माहीत असूनही त्याने विचारलं, आणि सरांनीही ते मनावर घेतलं नाही. पेटी त्याला देऊन टाकली. त्यातले काही त्याने चौकटी करून आपल्या दुकानात लावले.

नव्या प्रती हॉटेलात गेल्या. मॅनेजरचा फोन आला. फोटो चांगले आहेत, पण खाली जांभळट डाग पडलेत, कागद खराब होता का, असं त्याने विचारलं. मालकाने फोनवर हात ठेवून मागच्या खोलीत ताईशेजारी बसलेल्या सरांकडे पाहिलं.

"काढू का, सर?" ताईने विचारलं. "दोन घरं उतरवलं तरी त्यांचं समाधान होईल."

सरांनी तो फोटो हातात घेतला. चष्म्याशिवाय, दोन्ही डोळ्यांनी पाहिला. त्यांना ती ऑर्डर गमवायची नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"नको," ते म्हणाले.

हॉटेलचा जिना त्या वर्षापासून रंगशेठला मिळाला. सरांचे फोटो पुस्तकवाल्याकडे तेवढे राहिले, महिन्याला पाच-सात जायचे. एक म्हातारी प्रवासी बाई घळीतून येऊन थेट त्याच्याकडे गेली, सगळी चळत उलटीपालटी केली आणि सावलीत निळा असलेला एकच निवडून घेऊन गेली. पुस्तकवाल्याने हे सरांना सांगितलं, सरांनी ताईला. ताई तेव्हा कुणाच्या तरी पासपोर्टचे फोटो कापत होती. "कोणता बाक?" तिने विचारलं. सरांनी सांगितलं, आणि तिने पुढचा फोटो कात्रीखाली सरकवला.